आपल्या माणसाची काच

रक्ताच्या लॅबमधल्या काकूंचा दरारा असा, की मोठमोठे डॉक्टरही रिपोर्टसाठी दाराबाहेर घुटमळत. आत येऊन घाई करायची कोणाची टाप नव्हती. शंभर खिडक्या बघितल्याशिवाय ‘मलेरिया नाही’ असं काकू लिहीत नसत. खिडकी म्हणजे मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणारा रक्ताचा गोल तुकडा. तीस वर्षं त्या डोळ्यांत तेल घालून खिडक्या मोजत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यातच त्यांना सुख होतं.

नव्यांना त्या समजावत, की हा जंतू तांबड्या पेशीत बिऱ्हाड थाटतो, तिथलंच खाऊन वाढतो आणि जाताना घर फोडून जातो. पुष्कळ पेशी एकदम फुटल्या की माणूस थंडीने कुडकुडतो. फुटतच राहिल्या की पांढरा पडतो. शेवटी एक नियम सांगत: आपल्या माणसाची काच, म्हणजे रक्ताचा थेंब पसरलेली पट्टी, आपण बघायची नाही, शेजारच्या टेबलावर द्यायची.

मग काकांनाच ताप आला. काका म्हणजे काकूंचे यजमान, पेशाने शिंपी. एक दिवसाआड दुपारी हुडहुडी भरायची, आणि हातातली कात्री थरथरायची. काकूंनी त्यांचं बोट टोचलं, काच रंगवली आणि स्वतःचाच नियम गुंडाळून ठेवून बघायला बसल्या. एका पेशीत जांभळट ठिपका दिसला. प्लेटलेट वर येऊन बसली असेल, म्हणत त्या पुढे सरकल्या. शंभर झाल्या, ‘नाही’ लिहिलं आणि त्यांना हायसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी काका जिना चढताना मध्येच बसले. चेहरा पांढराफटक. काकूंनी डॉक्टरांना बोलावलं, नव्याने रक्त घेतलं आणि या खेपेला काच निमूटपणे शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे दिली. बाईंनी नवी काच बघितली, मग कपाटातून जुनीही काढली.

“काकू, दोन्हीत आहे,” बाई हळूच म्हणाल्या. “जुन्या काचेत त्रेचाळिसावी खिडकी बघा.”

काकूंनी डोळा लावला. तोच ठिपका, नीट अंगठीसारखा, आणि भोवतालची पेशी शेजारणींपेक्षा चांगली फुगलेली. प्लेटलेट वर बसल्याने पेशी फुगत नाही, हे बाईंना काकूंनीच शिकवलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रजिस्टरमधलं ‘नाही’ खोडून त्यांनी ‘आहे, बघण्यात माझी चूक’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

औषध त्याच दुपारी सुरू झालं. ताप उतरला, काका उठून बसले, तेव्हा काकूंनी सगळं कबूल केलं. काका मनापासून हसले.

“अगं, चाळीस वर्षं शिवतोय मी, पण स्वतःच्या शर्टाचं माप कधी स्वतः घेतलं नाही. उगाच पोट आत ओढलं जातं.”

औषध संपल्यावर पुन्हा काच झाली. ती बाईंकडे देऊन काकू बाहेर आल्या. आत यायचं आमंत्रण होतं, तरी गेल्या नाहीत. शंभर खिडक्या होईपर्यंत त्या दाराबाहेर घुटमळत राहिल्या.