आजी मान उचलतील तेव्हा

ऑपरेशन संपताच सर्जन म्हणाले, "मॅडम, भुलीचा अंमल उतरला असेल. श्वासाची नळी काढा आता, पुढचा पेशंट थांबलाय."

"आजी मान उचलतील तेव्हाच काढीन," मी म्हणाले. मान पेलवली, तर श्वासही पेलवेल.

स्नायू सैल करणारं औषध अंगात किती वेळ टिकतं, हे पुस्तकात छापलेलं असतं. पण आजींच्या थकलेल्या मूत्रपिंडांनी ते पुस्तक कुठं वाचलंय? घाई सर्जनांना असेल, इस्पितळाला असेल. श्वासाला का म्हणून असावी?

"आजी, मान उचला बघू."

मान जराशी हलली आणि पडली. सर्जनांनी घड्याळाकडं पाहिलं. मी मुद्दामच पाहिलं नाही.

काही वेळानं मान उशीवरून उठली आणि ताठ राहिली. आजींनी माझ्याकडं असं रोखून पाहिलं, की उशीर जणू मीच केला होता.