बेयाच्या कफनावरचं पाणी

निम्मी वाट सरली तरी मन्नूबियाने टोपली सुनेच्या हाती दिली नाही. टोपलीत गवताच्या विणीत गुंडाळलेली बाटली होती, कडू नारिंगीच्या फुलांच्या अर्काची. मोसमातली पहिली बाटली ती लेकीच्या कबरीवर शिंपडायला नेत होती. बेयाला जाऊन आठ महिने झाले होते.

“उम्मी, द्या इकडे. दम लागलाय तुम्हाला.”

“तुझ्या रेंगाळत्या चालीने गेलो तर मलाही तिथेच पुरून यावं लागेल. चल गुमान.”

शेदलिया गप्प चालू लागली. आठ महिने ती गप्पच होती.

नाबुल शहरातल्या त्यांच्या गल्लीचा मन्नूबियाच्या नाकावर भारी भरवसा. बायका आपापल्या बाटल्या घेऊन यायच्या. ती बूच काढायची, एकदा हुंगायची. “हा ठेव. हा ओत मोरीत.” ताज्या अर्काच्या तोंडाला आठवडाभर नुसतं फडकं बांधायचं, त्याला श्वास घेऊ द्यायचा, मग बूच मारून अंधाऱ्या कपाटात ठेवायचं, हे शेदलिया तिच्याकडूनच शिकली.

पण गेल्या वसंतात बेया अंथरुणाला खिळली. आईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. अर्क कोमट असतानाच तिने बूच ठोकलं. उन्हाळा सरता सरता बेया गेली. मय्यताला आंघोळ घातल्यावर मन्नूबियाने तीच बाटली उघडली. बाटलीवरच्या गवताच्या विणीमुळे आतले बुरशीचे पांढरे तंतू दिसले नाहीत. खोलीभर आंबलेल्या पिठासारखा वास सुटला. आंघोळ घालणाऱ्या दोघींनी तोंडं फिरवली. एकीने शेदलियाकडे पाहिलं. शेदलियाने मान खाली घातली. आईने शेवटच्या थेंबापर्यंत कफन भिजवलं.

चढावरच्या जैतुनाखाली मन्नूबिया बसली. बूच काढून तिने बाटली पुढे केली.

“हुंग.”

“छान आहे, उम्मी.”

“ह्याचं नाही विचारत. त्या दिवशीचं सांग.”

शेदलियाने चेहरा बाटलीवरून बाजूला घेतला.

“त्याच्या आदल्या थंडीत ताप आला, तेव्हापासून मला कशाचा वास येत नाही. धुपाचा नाही, कॉफीचा नाही. कुणाला बोलले नाही. गल्लीतल्या बाटल्या हुंगल्याचं सोंग करत राहिले. त्या दोघींनी तोंडं फिरवली ती दिसली गं मला. रडतायत, म्हटलं.”

“आंबलं होतं, उम्मी.”

मन्नूबियाने बाटली मांडीवर टेकवली.

“माझी लेक तशी गेली अल्लाहपुढे.”

“तुम्हाला कळलं नव्हतं. त्याला ठाऊक आहे ते.”

“तुला तर कळलं होतं.”

शेदलियाचे डोळे भरून आले.

मन्नूबियाने बूच घट्ट बसवलं आणि टोपली पहिल्यांदा सुनेच्या हातात दिली.

“माझ्या वेळी बाटली आधी तू हुंग. खराब निघाली तर सगळ्यांसमोर ओतून दे आणि साधं पाणी घाल मला. माझी लाज राखायला गप्प बसू नकोस, पोरी.”