मेसचा मक्ता आणि गुरुवारचं मटण

मी मेसची तपासणी आधी फोन करून करायचो. दर गुरुवारी सकाळी कॉन्ट्रॅक्टरला कळवायचं, “यल्ला, चला, आज येतोय,” आणि दुपारी हजर. न सांगता कुणाकडे जेवायला जाऊ नये, हे आईनं शिकवलं होतं. ते मी शारजातल्या लेबर कॅम्पातही पाळलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कंपनीनं मला कॅम्पची व्यवस्था बघायला ठेवलं होतं. मेस ठोक रकमेवर मक्त्यानं द्यायची कल्पना माझीच. वर्षाची रक्कम एकदाच ठरवायची, कॉन्ट्रॅक्टरनं माणसं जेवू घालायची, वाचेल ते त्याचं. कांद्याबटाट्याच्या कटकटीतून ऑफिस सुटलं आणि मॅनेजरनं पाठ थोपटली. जगात असं कुणालाच सुचलं नसणार, असं वाटून मी स्वतःवरच थक्क होतो. गुरुवारच्या मटणावरही. काय ते मटण! माणसं बोटं चाटत. मी रिपोर्टात ‘उत्तम’ लिहायचो.

एका सोमवारी कॅम्पच्या गटाराचं काम बघायला आमचा म्हातारा इंग्रज इंजिनीयर आला. त्याच्याबरोबर जेवणाच्या वेळी सहज आत डोकावलो. वरणाचं पातेलं काठोकाठ भरलेलं, तरी तळ स्वच्छ दिसत होता. इतक्या पाण्याला इतक्या थोड्या डाळीनं पिवळं कसं ठेवलं, या कसबापुढे मी खरोखर हात जोडले असते. पण माणसं तेवढ्यावरच उठून उन्हात साइटवर निघाली होती.

इंजिनीयरनं मक्त्याच्या अटी विचारल्या. मी अभिमानानं सांगितल्या.

“हे तर आमच्याकडचं,” तो म्हणाला. “पूर्वी आमची पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतलं गाव, गरिबांना ठेवून पोसायचं घर असंच मक्त्यानं द्यायची. ठोक रक्कम, वाचेल ते मक्तेदाराचं. माझ्या आजोबांची आजी तिथंच जन्मली. तपासनीस यायचे त्या दिवशी मांस मिळायचं, असं ती सांगायची म्हणे.”

ज्याच्यापुढे आम्ही खुर्ची सोडून उभे राहायचो, तो असल्याच पातळ वरणातून वर आलेल्या घरातला! आणि माझा शोध त्याच्या खापरपणजीनं चाखलेला!

“मग पुढं काय झालं?”

“बराच काळ काहीच नाही. तपासनीस जेवून खूश होऊन जायचे.”

माझे कान तापले. समोर रत्नागिरीकडचा एक वयस्कर गवंडी ताट धुवत होता. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी जाहीर केलं, “खलास! मक्ता रद्द. नवा माणूस आणतो.”

“नवा कोण शोधणार? तुम्हीच ना?” त्यानं ताट झटकलं. “राहू दे भाऊ, हाच बरा. तुम्ही आपले रोज जेवायला या. तेवढं तुम्हाला जमतं. फक्त फोन करून या.”