माझ्या थोरल्या भावाचे पोट

डिसेंबर महिन्यात दार एस सलामच्या गाड्या आमचा डोंगर चढू लागल्या की माझा थोरला भाऊ अनाएली कुंपण छाटावयास घेई. कुंपण वाढलेले नसले तरीही छाटी. धाकटा भाऊ एलिफासी गाडीतून उतरेल तेव्हा थोरला आपली वाट पाहत बसलेला त्याला दिसू नये, एवढाच त्या छाटणीचा हेतू असे.

मी या दोघांच्या मधली बहीण, शिलिया. माझे सासर त्यांच्या केळीच्या बागेला लागूनच असल्यामुळे लग्नानंतरही मी दोघांच्या नजरेआड कधी गेले नाही. म्हणून अनाएलीच्या आयुष्याविषयी लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजते.

वडिलांनी एकाच मुलाला शाळेत पाठवले. कॉफीच्या बागेला दुसऱ्या मुलाचे हात हवे होते. अनाएली अंगाने थोराड होता, म्हणून तो बागेत राहिला. एलिफासी सडपातळ होता, म्हणून तो शाळेत गेला आणि पुढे बंदरावरच्या कचेरीत साहेब झाला. अनाएली आमच्या पाटाचा पाटकरी झाला. वरच्या जंगलातून येणारे पाणी कोणाच्या बागेला कोणत्या वेळी सोडायचे हे तो ठरवी, आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध भर बैठकीत कोणी बोलत नसे. हा मान लहान नव्हता. परंतु अनाएलीला तो लहानच वाटे. "पाटकऱ्याचा फोटो काढून कुणी भिंतीवर लावत नाही," असे तो म्हणे. एलिफासीचा निवृत्तीच्या समारंभातला फोटो अनाएलीच्याच भिंतीवर होता. तो त्याच्या बायकोने, आइकांदेने, लावला होता.

धाकट्याचे जे जे असे ते ते थोरल्याला डाचत असे. त्याचे सिमेंटचे घर डाचे, त्याचा चष्मा डाचे. एका वर्षी एलिफासीने गुडघ्याच्या दुखण्याचे डॉक्टरांनी सांगितलेले लांबलचक नाव आम्हाला ऐकवले. तो परत गेल्यावर अनाएली मला म्हणाला, "बघितलंस? शहरात गुडघ्यालासुद्धा नाव असतं. आमचा नुसता दुखतो."

असे ते दोघे सत्तरीच्या पुढे गेले. मग एका वर्षी, मोठ्या पावसानंतर, दार एस सलामहून फोन आला. एलिफासीच्या मोठ्या आतड्यात कर्करोग निघाला होता. तपासणीला गेला असताना डॉक्टरांनी शौचाविषयी विचारले, त्याने रक्त पडते असे सांगितले, मग त्यांनी नळी घालून पाहिले आणि आतड्याचा तेवढा तुकडा कापून काढला. वेळेवर सापडल्यामुळे तो वाचणार होता.

ही बातमी ऐकताच अनाएलीने रोगाचे कारण ठरवून टाकले. मग म्हणाला, "पाव. तळलेले बटाटे. साखरेचा चहा."

त्यानंतर लवकरच रेडिओवर एका तज्ज्ञाचे भाषण झाले. हा रोग शहरातल्या वृद्धांमध्ये अधिक आढळतो व खेड्यांतल्या वृद्धांमध्ये कमी आढळतो, असे त्यात सांगितले गेले. तज्ज्ञ पुढेही काही बोलत होता, पण अनाएलीने तेवढेच ऐकून रेडिओ बंद केला. आयुष्यात पहिल्यांदाच तो धाकट्याच्या पुढे गेला होता. म्बेगे ही घरची दारू पिण्यासाठी जमलेल्या म्हाताऱ्यांत भोपळ्याचे भांडे हातोहात फिरत असे, आणि ते अनाएलीकडे आले की तो आधी त्या भाषणाचे सार सांगे व मगच घोट घेई.

"हे काय आहे? केळी आणि नाचणी. ही पोटात गेली की आतडं पाटासारखं वाहतं. रोग राहणार कुठं?"

"मग एलिफासी इथंच वाढला ना रे?" कोणीतरी विचारी.

"वाढला इथं. खाल्लं तिथं."

याच दिवसांत आइकांदे मला पाटावर भेटली. ती कपडे धूत होती, पण नेहमीच्या जागी नव्हती. सगळ्यांच्या खालच्या बाजूला, जिथून पुढे पाणी कोणाच्या घरी जात नाही, तिथे बसली होती. मी जवळ जाताच तिने एक कापड पाण्याखाली दाबून धरले.

"वहिनी, काय आहे ते?"

"काही नाही, वन्सं."

"रक्त आहे."

तिने वर पाहिले नाही. "कॉफीची तोडणी लागल्यापासून पडतंय. मी कुणाला बोलले नाही. त्यांनाही बोलले नाही. ते मला बोलले नाहीत. कपडे मी उचलते, धुते, वाळवून ठेवते. झालं."

आइकांदेला मूर्ख समजू नये. जुन्या काळी आमच्या मुलांना वयात येताना सांगितले जाई की आता तुमचे मागचे द्वार कायमचे बंद झाले, पुरुषाला त्याची गरज नसते. अर्थात कोणाचेही काही बंद होत नसे. बायकांना हे ठाऊक असे. परंतु ठाऊक नसल्याचे दाखवावे, आणि नवरा आजारी पडून त्याचे गुपित उघडे पडू लागले तर ते झाकावे, ही शिकवण प्रत्येक नव्या सुनेला मिळे. अनाएलीच्या वेळेपर्यंत तो विधी बंद पडला होता. मिशनच्या लोकांना तो पसंत नव्हता. विधी गेला तरी शिकवण मात्र राहिली. माझ्या आत्याने आइकांदेला ती दिली तेव्हा मी शेजारी बसले होते. त्यानंतर आइकांदेने पन्नास वर्षे संसार केला, पण नवऱ्याला परसाकडे जाताना पाहिल्याचे तिने कधी तोंडातून काढले नाही.

मी अनाएलीला बागेत गाठले.

"दादा, तुझी तब्येत बरी नाही."

"कंबर धरते."

"कंबरेतून रक्त येत नाही."

तो केळीची वाळलेली पाने कापत राहिला. "बायका फार बोलायला लागल्या आहेत."

"ती बोलली नाही. मी पाहिलं. एलिफासीला झालं तेच असलं तर?"

"शिलिया," तो थांबून म्हणाला, "मी सगळ्यांना सांगितलंय की गावच्या म्हाताऱ्यांना हे होत नाही. आता मीच सांगू, की मला झालंय? डिसेंबरात तो येणार. त्याच्यासमोर?"

म्हणजे त्याला मरणाची भीती नव्हती असे नाही, पण धाकट्यासमोर पुन्हा मागे पडण्याची भीती त्याहून मोठी होती. मी आइकांदेला सांगितले की तूच बोल. ती म्हणाली, "वन्सं, मी बोलले तर त्यांच्यापाशी राहिलंच काय?" मी एलिफासीला फोन केला. त्याने खोकत खोकत सांगितले की आल्यावर पाहतो.

तो आला तेव्हा निम्मा झाला होता. गाडीतून उतरताना त्याला दोघांनी धरले. अनाएली कुंपणापाशी कात्री घेऊन उभा होता. त्याने धाकट्याला आपादमस्तक न्याहाळले, आणि मला स्पष्ट दिसले की त्याला दया आली. परंतु तेवढ्यात साऱ्या वस्तीतल्या बायका दूध, मऊ केळ्यांचे सूप आणि उशा घेऊन धावल्या आणि त्याची दया जागच्या जागी आटली.

"मलेरियात मी महिनाभर पडलो होतो," तो मला म्हणाला. "तेव्हा उशी कुणी आणली?"

दोन दिवसांनी बोकड कापला. आमच्यात हे काम घरामागच्या केळीत होते. पुरुष कापतात, पुरुषच वाटणी करतात, आणि कोणता भाग कोणाचा यात कधी बदल होत नाही. छातीचा भाग, ज्याला किदारी म्हणतात, तो वडिलांचा असतो. वडील नसले तर थोरल्या मुलाचा. आमचे वडील गेल्यापासून दरवर्षी किदारी अनाएलीला मिळे. धाकट्याला घर मिळाले, नाव मिळाले, पण किदारी कधी मिळाली नाही.

वाटणीला आमचे चुलते नदेकिर्वा बसले होते. नव्वदीला आलेले आणि जिभेने अजून धारदार. त्यांनी किदारी केळीच्या पानावर ठेवली, हातात घेतली आणि क्षणभर थांबून एलिफासीकडे वळवली.

"यंदा ही आजाऱ्याला. मरणाच्या दारातून आलाय पोरगा."

आम्ही बायका स्वयंपाकघराच्या दाराशी होतो. एलिफासीने दोन्ही हात मागे घेतले.

"काका, मला डॉक्टरांनी असलं काही खायला मनाई केलीय. ती दादाची आहे, दादाला द्या."

तो भल्या मनाने बोलला, हे मी शपथेवर सांगेन. पण अनाएलीच्या कानाला ते असे लागले, की धाकट्याला चालत नाही म्हणून उरलेले थोरल्याला. तो उठून उभा राहिला.

"मला उष्टी किदारी नको," तो म्हणाला. "आणि आजाऱ्यालाच द्यायची असेल, तर माझी मला द्या. याला एकट्यालाच झालंय का? मला रक्त पडतंय. कॉफीची तोडणी लागल्यापासून. याला इतके दिवस पडलं का, विचारा."

नदेकिर्वा काकांनी सुरी खाली ठेवली.

"अनाएली, तुझं तर बंद असायला हवं होतं ना रे?"

आधी एक म्हातारा हसला, मग दुसरा, आणि मग सगळेच. अनाएली रागाने उभाच होता, पण शेवटी त्याच्याही ओठाचा कोपरा हलला. आइकांदे माझ्या शेजारी उभी होती. तिने हातातले पान खाली ठेवले आणि शांतपणे म्हणाली, "चला. आता उद्या गाडी खाली घेऊन जा म्हणावं."

एलिफासीची गाडी दुसऱ्या दिवशी खाली मोशीला गेली. इस्पितळातली डॉक्टर तरुण मुलगी होती. अनाएलीने तिच्याकडे पाठ करून उत्तरे दिली.

"आजोबा, शौचाला किती वेळा?"

"याला विचारा," त्याने एलिफासीकडे बोट दाखवले. "याला जितक्या वेळा, त्याहून जास्त."

मीही सोबत गेले होते. तपासणी झाल्यावर मी तिला विचारले, की बाई, रेडिओवर तर सांगितले होते, हा रोग शहरात असतो. ती म्हणाली, "आजी, शहरात जास्त असेलही. खाण्यापिण्यात फरक असतो. पण शहरात तो सापडतोही जास्त, कारण तिथं कुणीतरी विचारतं आणि नळी असते. खेड्यात माणूस पोटानं गेला, एवढंच म्हणतात. मोजणार कोण?" घरी परतताना मी आमच्या डोंगरावर पोटाने गेलेल्या माणसांची नावे मनात घेत होते. माझा नवराही त्यांत होता.

शस्त्रक्रिया झाली. अनाएलीचा रोग यकृतापर्यंत पोचला होता. सगळा काढता आला नाही. डॉक्टरीणबाईने हे दोघा भावांना एकत्रच सांगितले.

"म्हणजे याच्यापेक्षा माझा मोठा," अनाएली म्हणाला.

"मोठा नाही, आजोबा. उशिरा सापडला."

पोटाला पिशवी लावून तो घरी आला. त्या जानेवारीत शहरच्या सगळ्या गाड्या उतरून गेल्या, एलिफासीची मात्र गेली नाही. रोज सकाळी दोघे भाऊ अंगणातल्या बाकावर बसत. सूप दोघांना एकाच भांड्यातून वाढले जाई आणि कोणाच्या वाटीत अधिक आले याकडे थोरल्याचे लक्ष असे. एकदा तो अचानक म्हणाला, "तू जगशील."

"हो दादा. बहुतेक."

"शहराचं नशीब."

"नशीब कसलं? विचारलं तेव्हा मी सांगितलं, एवढंच. लाज मलाही वाटली होती."

अनाएलीने हातातली वाटी बाकावर ठेवली. "मला कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "शिलियानं विचारलं होतं."

पाट साफ करण्याची बैठक पावसाआधी होते. अनाएलीला खुर्चीत बसवून तिथे न्यावे लागले. पाण्याच्या पाळ्या सांगून झाल्यावर तो म्हणाला, "आणखी एक. ज्याला रक्त पडतंय त्यानं बायकोला सांगावं आणि खाली जावं. गावात हा रोग नसतो, हे मी सांगत होतो. ते खोटं आहे. मी माझ्या धाकट्या भावाच्या मागे राहिलो, ते मला अजून सहन होत नाही. तुम्ही माझ्या मागे राहू नका."

पुरुष माना खाली घालून बसले होते. त्या आठवड्यात कोणी गेले नाही. नंतर पाटाच्या टोकाला राहणारा कियारा नावाचा माणूस गेला, कोणाला न सांगता, भाजीच्या टेम्पोतून. त्याला फक्त मूळव्याध निघाली. ही बातमी मी अनाएलीला दिली तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता आणि बाहेर पाऊस सुरू झाला होता.

"साधी मूळव्याध?"

"हो."

"आणि पाण्याची पाळीही त्याला सकाळचीच मिळते," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून पडला. थोड्या वेळाने त्याने मला हाक मारून विचारले, "त्याच्यानंतर कोण गेलं?"

मी म्हणाले, "दोघं जाणार आहेत, सोमवारी."

"नावं सांग," तो म्हणाला. मी नावे सांगितली. दोघांविषयी त्याची जुनी तक्रार होती. ती त्याने मला सविस्तर ऐकवली, आणि मग आइकांदेला बोलावून सांगितले की सोमवारी एलिफासीची गाडी त्या दोघांना द्यावी, नाहीतर ते टेम्पोची सबब सांगून घरीच बसतील.