घोंगड्यांमागचा सिनेमा

कुठल्याही माणसाला कुठलीही गोष्ट समजू शकते, फक्त त्याला नीट बसवता आलं पाहिजे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझा घरमालक होता. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा मी पौडच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो आणि त्यांच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेतली. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही म्हणू लागलो. बाजारात त्यांचं बादल्या, फावडी, दोर आणि नांगराचे फाळ विकायचं दुकान होतं. ते चाललं कसं, हे मला आजवर उमगलेलं नाही. कारण गिऱ्हाईकाने बादली उचलली की चाचा आपणहून सांगायचे, "ती नका घेऊ, बुडाला गळती. पलीकडच्या दुकानात चांगली हाय." खोटं बोलायचं म्हटलं की त्यांचे कान लाल व्हायचे, आणि कान लाल झाले की त्यांना स्वतःलाच घाम फुटायचा.

दुकान हा मात्र त्यांचा जोडधंदा. खरा धंदा म्हणजे सार्वजनिक वाचनालय. त्याचे ते बिनपगारी चिटणीस होते, आणि दर रविवारी दुपारी तिथे ते फुकट सिनेमा दाखवत. तोही नाचगाण्यांचा नाही. जगभरातले जुने, नावाजलेले, बहुतेक काळेपांढरे सिनेमे. पुण्यातल्या एका संस्थेकडून शनिवारी सकाळच्या एस.टी.ने रिळांचे डबे यायचे. प्रोजेक्टर मिळायचा तालुक्याच्या कचेरीतून, पण एका अटीवर: आधी मलेरियाच्या माहितीची फिल्म दाखवायची. ती फिल्म लोकांनी इतक्या वेळा पाहिली होती, की डास पडद्यावर आला की टाळ्या पडायच्या आणि पुढे तो कुठे जाऊन बसणार हे बायाबापड्या आधीच ओरडून सांगायच्या. दुपारच्या उजेडात अंधार करायचा म्हणून चाचांनी गावोगावची घोंगडी मागून आणली होती. ती खिडक्यांवर लटकवली की वाचनालयात मेंढरांचा वास भरून राही. पुढे मी पुण्यातली गारेगार थिएटरं पाहिली, पण त्या वासाशिवाय मला अजून सिनेमा सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

लोकांना बसवण्याचा सोहळा सिनेमाइतकाच पाहण्याजोगा असायचा. भुकूम, लवळ्याहून माणसं चालत यायची. चाचा दारात उभे राहून प्रत्येकाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत आणि उंचीप्रमाणे जागा देत. एकदा एक वजनदार पाटील भलाथोरला फेटा बांधून पहिल्या ओळीत जाऊन बसले. त्यांना कोण उठवणार? चाचा शांतपणे जवळ गेले आणि म्हणाले, "पाटील, फेटा मांडीवर घ्या. मागं तुमचीच सून बसलीय, तिला निस्ता फेटाच दिसतोय." पाटलांनी निमूट फेटा उतरवला. त्यांचं टक्कल पाहायला मिळाल्याबद्दल गावाने चाचांचे कित्येक दिवस आभार मानले.

सिनेमातली भाषा कुणालाच कळत नसे. चाचांनाही नाही. पण शनिवारी दुपारी दुकानाला कुलूप लावून ते अख्खा सिनेमा एकदा पाहून घेत, सोबत मी. त्यांच्या हातात संस्थेने पाठवलेला गोष्टीचा कागद असे. इंग्रजी असला तर मी अर्थ सांगायचा. रविवारी ते पडद्याच्या बाजूला उभं राहून आमच्या मावळी बोलीत सगळं समजावून सांगत. परदेशी नावं जिभेवर बसत नाहीत म्हणून सगळ्या पात्रांचं त्यांनी बारसं केलं होतं. उंच टोपीवाला दिसला की तो सदाशिव. गोऱ्यापान बाईचं नाव हौसा. आठवडाभर पारावर वाद चालायचे, की सदाशिवने हौसाला असं टाकायला नको होतं. सांगण्याचा सराव ते गिऱ्हाइकांवर करत. फावडं घ्यायला आलेला शेतकरी अर्धी गोष्ट ऐकून डोळे पुसत घरी जायचा आणि फावडं दुकानातच राहायचं. मला सुरुवातीला हसू यायचं. पण तीन-चार रविवारांनंतर मी अवाक झालो. ज्या माणसांनी तालुक्यापलीकडचं जग पाहिलं नव्हतं, ती समुद्रापारच्या माणसांच्या सुखदुःखावर जीव तोडून भांडत होती.

वाचनालय झाडायला एक आक्का यायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा घरात भांडून मुंबईला गेला होता, त्यानंतर ना पत्र ना निरोप. दुपारची पुण्याची एस.टी. यायच्या वेळेला आक्का रोज स्टँडवर जाऊन उभ्या राहत आणि शेवटचा माणूस उतरला की परत फिरत. दर रविवारी चाचा त्यांना म्हणत, "आक्का, आज तरी थांबा की." आणि आक्का म्हणत, "गाडीची येळ हाय, भाऊ." वर्षानुवर्षं हेच.

एका शनिवारी चार डबे आले. गोष्ट होती एका बंदरातल्या म्हातारीची. मुलगा जहाजावर गेलेला, ती रोज धक्क्यावर येऊन वाट बघते. शेवटच्या रिळात जहाज येतं आणि खलाशी मुलाऐवजी त्याच्या कपड्यांची पेटी तिच्या पुढ्यात ठेवतात. सिनेमा संपल्यावर चाचांनी गोष्टीच्या कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "मास्तर, ह्ये आक्कांनी बघू न्हाई. बरं झालं, त्या येत न्हाईत."

आणि नेमकी त्या रविवारी दुपारची एस.टी. रद्द झाली. तिसरं रीळ संपलं, ते बदलायला म्हणून मी एक घोंगडं बाजूला केलं, तर पहिल्या ओळीत, भिंतीला टेकून आक्का. कधी येऊन बसल्या कुणास ठाऊक. चाचांच्या हातात चौथा डबा होता. त्यांनी आक्कांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि माझ्यादेखत तो डबा शब्दकोशांच्या कपाटात सरकवला. मग पडद्यासमोर येऊन म्हणाले, "मंडळी, शेवटचं रीळ आलेलंच न्हाई." त्यांचे कान कुंकवासारखे लाल झाले होते.

लोक खवळले. कुणी म्हणालं, मग गोष्ट तरी सांगा. एखादा गोड शेवट ठोकून देणं किती सोपं होतं! पण चाचांना दुसरं खोटं बोलवेना. शेवटी ते म्हणाले, "तुमीच सांगा, फुडं काय झालं आसंल?"

लवळ्याचा एक गडी म्हणाला, "काय व्हायचंय? पोरगा येतोय, मोठा सायब हून." मागून एका बाईने सुधारलं, "एकटा न्हाई येत, संगं सून आनतोय." कुणी जहाज बुडवलं, कुणी मुलाला लॉटरी लावली. चाचा प्रत्येकाकडे आशेने बघत होते आणि मान मात्र हलवत नव्हते. एवढ्यात आक्का बोलल्या. त्या चारचौघांत बोललेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

"त्यो न्हाई यायचा, भाऊ."

आक्कांनी पदर सावरला.

"बारा वरसं झाली की. यायचा आसता तर आला आसता. ती बाई आपली घरला जाती, चूल पेटवती, दोन घास खाती. दुसऱ्या दिशी परत धक्क्यावर येती. त्यो येतोय म्हून न्हवं. तितं चार मानसं दिसत्यात, म्हून."

सिनेमात बारा वर्षांचा उल्लेख कुठेच नव्हता. हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं, आणि कुणी मान वर केली नाही. चाचा कपाटापाशी गेले, डबा काढला आणि दोन्ही हातांत धरून म्हणाले, "माफ करा. रीळ आलंय. मीच लपवलं हुतं." का लपवलं, असं एकानेही विचारलं नाही. मी घोंगडं सोडलं आणि चौथं रीळ सुरू झालं. त्या दिवशी चाचा पडद्याशेजारी उभे राहिले नाहीत. आक्कांच्या बाजूला जमिनीवर जाऊन बसले. पेटी आली. पडद्यावरची म्हातारी तिच्यावर पडून रडली, खूप वेळ रडली. मी प्रोजेक्टरमागून आक्कांची फक्त पाठ पाहत होतो. ती हलली नाही.

उजेड झाला तेव्हा कुणी उठेना. आक्कांनी पदराने चेहरा पुसला आणि म्हणाल्या, "लई रडली बाई. येवढं रडून कसं भागंल? सांजच्याला म्हस कोन पिळनार?"

आधी एक जण फिस्सकन हसला, मग सगळी खोली. आक्काही हसल्या. चाचा तर इतके हसले की टोपीने डोळे पुसायची वेळ आली, आणि पुसणं बराच वेळ चाललं.

त्यानंतर आक्का दर रविवारी येऊ लागल्या. बाकीचे सहा दिवस स्टँडवर, रविवार आमचा. सिनेमा संपला की चाचा अदबीने विचारत, "आक्का, कसा हुता?" "बरा हुता," असं त्या म्हणाल्या की तो सिनेमा पास. मोठमोठ्या दिग्दर्शकांना आक्कांनी नापास केल्याचं मी पाहिलं आहे.

पुढे टीव्ही आला आणि माणसं ज्याच्या त्याच्या घरात बसू लागली. माझी बदली झाली. चाचा गेल्याचं पत्र मला मिळालं तेव्हा त्यांचा चाळिसाव्या दिवसाचा विधीही होऊन गेला होता. पत्र आक्कांनी कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं: भाऊ गेले, त्रास झाला नाही, तुमची आठवण काढायचे. उत्तर लिहिण्याऐवजी एका रविवारी मी सरळ पौडला गेलो. वाचनालय बंद होतं. आक्का पायरीवर बसल्या होत्या. मीही शेजारी बसलो. मग काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आक्का, आता रविवारी काय करता?"

"काय करायचं?" त्या म्हणाल्या. "दुपार लई मोठी हुती बगा आताशा."