थर्झावहिनीचं मत

माझा भाऊ क्लेम कोबीच्या शेतावर मुकादम होता आणि त्याची बायको थर्झा शाळेच्या स्वयंपाकघरात. आमचं होल्मफ्लीट गाव इंग्लंडातल्या लिंकनशायरच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, बांधापलीकडे समुद्र. इथे सगळेजण एकाच पक्षाला मत देतात. आमच्या वडिलांनी दिलं, क्लेमने दिलं, मीही दिलं. थर्झावहिनी मात्र लग्न होऊन आली ती दुसऱ्याच पक्षाची. तिच्या त्या पक्षाचा माणूस आमच्याकडे कधी निवडून आला नाही, येणारही नव्हता. तरी दर निवडणुकीला ती चांगला कोट घालून, केस नीट विंचरून चॅपलच्या हॉलमध्ये मत द्यायला जायची.

"निघाली बघा राणी, पालथ्या घड्यावर पाणी घालायला," क्लेम म्हणायचा.

"तुझा घडा तर काठोकाठ भरलाय. तू कशाला ओततोस आणखी?" ती उलट विचारायची.

दोघं हसत हसत एकत्रच जायचे आणि परत येताना तळलेले मासे आणायचे. भांडणं पुष्कळ व्हायची, पण माशांवर मीठ पडलं की ती संपायची.

मग एका वर्षी जवळच्या गावातलं छोटं इस्पितळ बंद करायचं ठरलं. मोठ्या कालव्यापलीकडेही तसंच एक छोटं इस्पितळ होतं, आणि दोहोंपैकी एकच राहणार होतं. कालवा ही दोन मतदारसंघांमधली हद्द. पलीकडे लढत चुरशीची, दर वेळी थोडक्या मतांनी उलथापालथ व्हायची, त्यामुळे तिथे दोन्ही पक्षांची मोठी माणसं आली, इस्पितळाच्या दारात उभी राहिली, वचनं देऊन गेली. आमच्याकडे कुणी फिरकलं नाही.

वहिनी आमच्या खासदाराला भेटायला गेली. मी सोबत होते. माणूस सज्जन होता. त्याने खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं.

"तुमची काळजी मला समजते, मिसेस मोल्टबी."

"समजते ना? मग काहीतरी करा की."

तो कसनुसा हसला. घरी आल्यावर क्लेमने तिची थट्टा केली. "अगं, तो तुझं कशाला ऐकेल? तुझ्या मताची त्याला गरज नाही आणि माझं मत त्याच्या खिशातच आहे."

बोलून झाल्यावर त्याचं हसू विरलं. आपण काय बोललो हे त्याला तेव्हाच कळलं असावं.

आमचं इस्पितळ बंद झालं, पलीकडचं राहिलं. पुढच्या हिवाळ्यात, धुकं असं दाटलं होतं की फाटकापलीकडचं दिसेना, तेव्हा क्लेमच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका आली, पण कालव्यावरचा पूल लांब, वळसा मोठा. वहिनी त्याचा हात धरून आत बसली होती. पलीकडे पोचायच्या आतच तो गेला. ती नंतर मला म्हणाली, "शेवटी तो एवढंच म्हणाला, हा ड्रायव्हर वळणं फार जोरात घेतोय."

अंत्यविधीला ती रडली नाही. लोक निघून गेल्यावर कपबश्या धुताना एकदम म्हणाली, "एनिड, आपलं बंद करताना आपल्याला कुणी विचारलं का नाही गं?"

"कारण आपण काय करणार ते त्यांना ठाऊक होतं," मी म्हणाले.

ती ते वाक्य घेऊन बसली. किती दिवस बसली, देव जाणे.

पुढे मतदानाची पद्धत बदलावी म्हणून चॅपलच्या हॉलमध्ये एक सभा झाली. रोझलिंड नावाची कॉलेजात शिकवणारी मुलगी आली होती. तिने जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावला आणि आतल्या सगळ्या मतदारसंघांच्या रेघा पुसून टाकल्या. "समजा, अख्खा जिल्हा एकच मतदारसंघ केला," ती म्हणाली, "आणि त्यातून सातजण निवडले, ज्या पक्षाला जेवढी मतं त्याला त्या प्रमाणात जागा, तर?" मग तिने ओळीने बादल्या मांडल्या, दर उमेदवाराची एक. प्रत्येकाच्या हातात डॅफोडिलच्या फुलाचा एक कंद दिला. आपला कंद हव्या त्या बादलीत टाकायचा. सगळ्यात कमी कंदांची बादली बाद. ज्यांचे कंद त्यात असतील त्यांनी ते उचलून आपल्या दुसऱ्या पसंतीच्या बादलीत टाकायचे. अशा एकेक बादल्या काढत शेवटी सात ठेवायच्या.

म्हातारे-कोतारे हसत, एकमेकांना धक्के देत इकडून तिकडे फिरत होते. वहिनीच्या उमेदवाराची बादली पहिल्यांदा जवळजवळ रिकामीच होती, तरी सगळ्यात कमी नव्हती. मग कुणाकुणाचे कंद येऊन तीत पडू लागले. शेवटी राहिलेल्या सातांत ती बादली होती.

विल्फ ट्रिंडर हात वर करून उभा राहिला. हा क्लेमचा जन्माचा दोस्त आणि आमच्या पक्षाचा गावातला खांब. "छान खेळ आहे, पोरी. पण मला सांग, या सातांतला आमचा कोण? सातही शहरात राहतील. बांधाला भगदाड पडलं तर मी कुणाचं दार वाजवू?"

रोझलिंड काही बोलायच्या आत वहिनी उठली. "आत्ता तुझा एक आहे ना, विल्फ? हक्काचा? मग क्लेमच्या वेळी कुठे होता तो?"

विल्फ खाली बसला. रागाने नाही, त्यालाही क्लेम आठवला होता.

सभा संपल्यावर मी खुर्च्या रचत होते. वहिनी त्या बादलीपाशी वाकून उभी होती, खांदे हलत होते. मी जवळ गेले.

"अगं, तुझा तर निवडून आला!"

"म्हणून नाही गं," ती डोळे पुसत म्हणाली. "इतकी वर्षं मत दिलं, आज पहिल्यांदा ते कुठेतरी पोचलं. आणि घरी जाऊन भांडायला तो नाही."

त्यानंतर ती बादल्या गाडीत घालून गावोगाव फिरली. आधी लोक यायचे, वहिनी न्यायची त्या मनुकांच्या गोड पावासाठी का होईना. मग यायचे कमी झाले. एका गावी तर हॉलचा रखवालदार आणि त्याचा कुत्रा, एवढेच श्रोते होते. वहिनीने रखवालदारालाही कंद दिला, सगळं समजावलं. परत येताना गाडी चालवता चालवता मी म्हटलं, "पुरे आता." ती काचेतून बाहेर बघत राहिली. वरती काही बदललं नाही. कायदा होता तोच राहिला.

शेवटच्या निवडणुकीला तिला पोटाचा आजार झाला होता. मी तिला चाकाच्या खुर्चीतून नेलं. मतपत्रिकेवर पेन्सिलीने खूण तिने स्वतःच केली, मदत घेतली नाही. त्या वेळी एक अघटित घडलं: आमचा पक्ष हरला. एक तृतीयांशही मतं न मिळालेला, नवख्या पक्षाचा माणूस निवडून आला, कारण बाकीची मतं चहूकडे विभागली. वहिनीचा उमेदवार अर्थातच खूप मागे राहिला.

विल्फ लालबुंद होऊन तिच्या स्वयंपाकघरात आला. "हा काय न्याय झाला? तिघांतल्या दोघांना नको असलेला माणूस आमच्या डोक्यावर? माझं मत गेलं कुठे?"

मला वाटलं, आता वहिनी सगळ्या वर्षांचं उट्टं काढणार. तिने फक्त समोरची खुर्ची दाखवली.

"बस, विल्फ. चहा घे. पहिल्या वेळी फार लागतं."

तो बसला. टोपी काढली. चहा संपवला. मग विल्फ हळूच म्हणाला, "त्या बादल्यांचं... परत एकदा सांगशील मला?"

"सांगितलं असतं रे," ती म्हणाली, "पण आता उठवत नाही."

पानगळीत ती गेली. आमच्या गावच्या दफनभूमीत जागा उरलेली नाही, म्हणून क्लेमला कालव्यापलीकडे पुरलं होतं. तिलाही त्याच्या शेजारी ठेवलं. विल्फने पेटीला खांदा दिला. माती टाकून झाल्यावर तो म्हणाला, "दोघंही चुरशीच्या मतदारसंघात आले म्हणायचे." त्याला कुणाला तरी हसवायचं होतं. पण त्यालाच रडू फुटलं, आणि मी त्याला दंडाला धरून गाडीपर्यंत नेलं.