गेमच्या माथी मारलेला गुन्हा

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो, पण हे एक आठवलं की आजही माझं डोकं तापतं. निम्मा राग इतरांवर आहे, निम्मा स्वतःवर.

कापसाची वाईट वर्षं चालली होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी फौजदार होतो. हंगामात आमचे अर्धे शिपाई कापूस खरेदी केंद्रावर बंदोबस्ताला असत, कारण गाड्यांच्या रांगेत नंबरावरून रोज हमरीतुमरी व्हायची. अशाच एका महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, कचेऱ्यांना सुटी असताना, दुपारी एका कार्यालयातले बडे बाबू ठाण्यात आले. शर्टावर रक्त होतं. त्यांचा नववीतला मुलगा डोकं फुटून बेशुद्ध पडला होता आणि त्याला यवतमाळला हलवलं होतं.

ठाण्यात वीज नव्हती. टेबल दाराजवळ ओढून मी तक्रार लिहून घेतली. बाजारातल्या गेम पार्लरमध्ये अकरा ते बाराच्या दरम्यान मुलगा वर्गमित्रासोबत खेळत होता, गेम हरल्याच्या रागातून मित्राने काठीने डोक्यात मारलं, असं बाबू म्हणाले. वर म्हणाले, "साहेब, त्या गेममध्ये माणसं मारायलाच शिकवतात. दुसरं काय होणार?"

मला ते लगेच पटलं. पटायला सोपं होतं. संध्याकाळपर्यंत गावातून तीन-चार फोन आले, सगळ्यांचं म्हणणं एकच: तो मारणारा मुलगा गेमच्या नादाने वाया गेलाय, ते पार्लर बंद करा. कोणीतरी पार्लरच्या काचाही फोडल्या.

तो मित्र म्हणजे बोरी अरबकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, गावात खोली करून शिकणारा. त्याला ठाण्यात आणलं. पाठोपाठ त्याचा बाप आला, डोक्याला कापसाचे धागे चिकटलेले.

"साहेब, सकाळी शाळा सुटली तसा पोट्टा माह्यासाठी डबा घेऊन केंद्रावर आलता. माही गाडी नंबरात लागेल होती. एक वाजेपर्यंत तो गाडीवरच बसून होता."

"बाप असंच म्हणणार," असं म्हणून मी त्याला बाहेर बसवलं. एक बाप बोलला ते मी गुन्हा म्हणून नोंदवलं, आणि दुसरा बाप बोलला ते लिहूनसुद्धा घेतलं नाही. बाबू खुर्चीवर बसले होते आणि हा उभा होता, एवढाच काय तो फरक.

मुलगा काही बोलेना. अल्पवयीन मुलाशी कसं वागायचं याचे नियम मला पाठ होते. तरी मी त्याच्या दोन कानाखाली लगावल्या. तेव्हा तो म्हणाला, "हो साहेब, मीच मारलं."

"कायनं मारलं?"

"तुम्ही म्हणसान त्यानं."

मला तो उर्मटपणा वाटला. विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघून उत्तर देणारा माणूस खोटा कबुलीजबाब देत असतो, हे मी नव्या शिपायांना शिकवायचो. त्या दिवशी मीच ते विसरलो. रविवारी मुलाची रवानगी यवतमाळच्या निरीक्षण गृहात झाली.

सोमवारी साडेअकराला पंचनाम्यासाठी पार्लरमध्ये गेलो. अंधारी खोली, चार कॉम्प्युटर. तो गेम पंचांना दाखव, असं मी मालकाला सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"कसा दाखवू साहेब? अकरा ते तीन लाइन कुठी राहते? पंधरा दिवस झाले, हेच टाइम चालू हाय."

"शनिवारी?"

"शनिवारी बी नव्हती. तुमच्या ठाण्यात तरी होती काय?"

मी पंचांसमोर खाली मान घातली. भारनियमनाचं वेळापत्रक गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. बडे बाबूंना ते ठाऊक नव्हतं, कारण त्यांची क्वार्टरं रुग्णालयाच्या लाइनवर होती आणि तिथली वीज कधी जातच नसे. आणि मी? मी तर दाराच्या उजेडात बसून ती खोटी तक्रार लिहिली होती!

तिथून थेट खरेदी केंद्रावर गेलो. रांगेतल्या पाच जणांनी मुलाला गाडीवर बसलेलं पाहिलं होतं. मग यवतमाळ गाठलं. बाबूंचा मुलगा आदल्या रात्री शुद्धीवर आला होता. त्याची आई उशाशी बसली होती.

"बाबांनी बॅटनं मारलं," तो म्हणाला. "मार्क कमी पडले म्हणून."

आईने पदराने तोंड झाकलं. "मी म्हटलं होतं त्यांना, दुसऱ्याच्या लेकराचं नाव नका घेऊ म्हणून," एवढंच ती बोलली.

बाबूंवर गुन्हा दाखल केला, तेव्हा गावातली शिकलेली मंडळी ठाण्यात आली. परवा पार्लर बंद करा म्हणून ओरडणारेच त्यात पुढे होते. "घरची गोष्ट आहे साहेब. बाप आहे, मारणारच. रागाच्या भरात लागलं जास्त." मला त्यांची किळस आली. पोराने मारलं असतं तर तो गेमचा परिणाम, आणि बापाने मारलं की संस्कार! मी सगळ्यांना बाहेर काढलं.

नंतर एकदा वीज असताना मी तो गेम मुद्दाम पाहिला. पडद्यावर नुसता गोळीबार आणि रक्त. माझ्या नातवाच्या हाती मी तो देणार नाही. अशा खेळांनी मुलं हिंसक होतात की नाही, यावर अभ्यासक अजून वाद घालतात, तो त्यांनी खुशाल घालावा. मी एवढंच शिकलो, की मुलाच्या अंगावर वळ दिसले तर आधी त्याच्या घरची मोठी माणसं तपासावीत.

शेतकऱ्याचा मुलगा आठव्या दिवशी सुटला. ठाण्यातले कागद पुरे करून दोघं निघाले. मुलगा माझ्यापासून दोन हात लांब, बापाच्या आडोशाने चालत होता. दारात बाप थांबला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"साहेब, बाबूनं आपल्या पोट्ट्याले मारलं, तुम्ही माह्या पोट्ट्याले मारलं. तुम्ही दोघं कोनता गेम खेळता?"